आकडा आधी सभासदाला दाखवा
सहकारी साखर कारखाने आणि दूध संघांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व संचालक,
महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने व जिल्हा, तालुका दूध संघ



वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आहेत. आपले अहवाल घरोघर पोहोचले आहेत. ताळेबंद आणि गाळपाच्या तक्त्यांच्या जोडीला त्यांत आता एक पान हमखास असते : संस्थेचे डिजिटल परिवर्तन. ईआरपी बसवली, काटे संगणकाला जोडले, ऊसनोंदी घेणाऱ्या चिटबॉयच्या हातात मोबाइल ॲप दिले, ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणणार. मी ऊस आणि दूध घालणारा सभासद आहे आणि सहकारी संस्थांमध्ये संगणक प्रणाली बसवण्याच्या कामात वावरलो आहे. म्हणून हे पान मी नफा-तोटा पत्रकाआधी वाचतो, आणि दर वेळी त्यात एक प्रश्न अनुत्तरित राहिलेला दिसतो. एवढा खर्च करून सभासदाला असे काय कळू लागले, जे आधी कळत नव्हते?

हा प्रश्न सभेच्या गोंगाटात हरवतो, म्हणून पत्राने विचारतो आहे.

या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. 1998 मध्ये, गावात एकच टेलिफोन असणे हीसुद्धा मोठी गोष्ट असताना, वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावे त्यात होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून पैसा घातला आणि नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरने तांत्रिक बाजू सांभाळली. गावोगावी संगणक केंद्रे उभी राहिली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळे त्या केंद्रातून मिळावे, अशी कल्पना होती. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या माळावर हा प्रयोग झाला, याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बेंगळुरू येथील अभ्यासकांनी त्या केंद्रांत बसून पाहिले. संगणकाचा वापर मुख्यतः ऊसाच्या कामासाठी होत होता. ऊस किती गेला, खताची उधारी किती, तोडीची परवानगी आली का, एवढेच शेतकऱ्याला हवे होते. म्हणून त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. तेच काम कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्यांनाही ते सोयीचे वाटले. केंद्र उघडण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

या अभ्यासकांपैकी केंटारो टोयामा यांनी पुढे 2015 मध्ये ‘गीक हेरसी’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे, की माणसांचा हेतू आणि कुवत जशी असेल तशीच तंत्रज्ञान ती वाढवून देते. चांगली व्यवस्था अधिक चांगली होते आणि वाईट व्यवस्थेचा वाईटपणा वाढतो. हा विचार ज्या अनुभवांतून घडला त्यांत आपल्या वारणेकाठचाही अनुभव आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

याची दुसरी बाजू मुंबईत दिसली. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. ठेवीदार शाखांबाहेर रांगा लावून उभे राहिले. त्या बँकेत संगणक होते, कोअर बँकिंग होते. तरी पोलिसांकडे दाखल झालेल्या तक्रारीनुसार एकाच उद्योगसमूहाशी संबंधित 44 कर्जखाती लपवण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवण्यात आली. हाताने वह्या लिहून एवढी खाती उभी करायला किती माणसे आणि किती महिने लागले असते, याचा विचार करा. लपवण्याच्या हेतूला यंत्राने वेग दिला.

तेव्हा संगणक आला म्हणजे व्यवहार स्वच्छ झाला, असे कृपया अहवालात लिहू नका. व्यवहार कुणाला दिसतो आणि कुणाला दिसत नाही, यावर ते ठरते.

आता प्रत्यक्ष जागेवर येऊ. सकाळी सहाच्या सुमाराला दूध संस्थेत चला. किटली काट्यावर ठेवली जाते, सेक्रेटरी उत्पादकाचा कोड नंबर दाबतो, वजन पडते. पळीभर दूध नमुन्यासाठी मशीनच्या नळीखाली जाते आणि मिनिटभरात फॅट, एसएनएफ आणि दर दिसतो. छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर येते. पूर्वी ॲसिड घालून गर्बर पद्धतीने फॅट काढली जाई, तेव्हा निकाल वहीत जाई आणि उत्पादकाला दहा दिवसांनी बिलात कळे. त्या मानाने आजची व्यवस्था किती तरी पुढची आहे. गुजरातेत अमूलच्या गावसंस्थांनी 1990 च्या दशकात ही यंत्रे आणली आणि त्यांचा धंदाच बदलला, कारण दूध घालणाऱ्या बाईला तिच्या दुधाचा भाव तिच्या समोर कळू लागला.

पण त्याच टेबलावर जरा जवळून पाहा. काट्याचा पडदा कुणाच्या तोंडाकडे आहे? बऱ्याच ठिकाणी तो सेक्रेटरीकडे असतो. काटा किती बारीक मोजतो? 100 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणारा काटा असेल आणि वरचे दूध सोडून दिले जात असेल, तर 5 किलो 90 ग्रॅम दुधाचे 5 किलोच होतात. प्रत्येक वेळी सरासरी 45 ग्रॅम गेले असे धरले, तरी दोन वेळच्या दुधाचे महिन्याला 2 किलो 700 ग्रॅम होतात. तीनशे उत्पादकांच्या संस्थेत महिन्याला 800 किलोंहून अधिक दूध कुणाच्याच खात्यावर न चढता जमा होते. यात कुणी चोरी केली असे मी म्हणत नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. दहा ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणला की हा प्रश्न सुटतो. तो न आणण्याचा निर्णय मात्र माणसांचा असतो.

फॅटच्या मशीनचेही तसेच. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा आपल्याकडे दराचा पाया. त्याखाली एका पॉइंटने घसरले की दर कापला जातो. मशीन रोज धुतले नाही, ठरल्या मुदतीत कॅलिब्रेट केले नाही, तर ते चुकीचा आकडा दाखवते, आणि छापून आलेल्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही. हाताने लिहिलेल्या आकड्याशी शेतकरी निदान भांडत होता. म्हणून कॅलिब्रेशन कधी झाले, कुणी केले, याची तारीख मशीनच्या शेजारी लावलेली हवी. याला पैसे लागत नाहीत.

आता कारखान्याकडे येतो. ऊसाची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि बिल, या चार ठिकाणी सभासदाचे नशीब ठरते. या चारही ठिकाणी आज संगणक आहे आणि चारही ठिकाणी सभासद अंधारात आहे.

नोंदीपासून सुरुवात करतो. लागणीची तारीख, जात, आडसाली की सुरू, लागण की खोडवा, क्षेत्र किती, हे सगळे चिटबॉय ॲपमध्ये भरतो. जीपीएसने बांधावर फिरून मोजणी केली तर क्षेत्र बरोबर येते. चावडीवर बसून अंदाजे भरले तर सगळा हंगाम चुकीच्या पायावर उभा राहतो. ही नोंद सभासदाला दाखवून, त्याच्या मोबाइलवर पाठवून, त्याची हरकत घेऊन मग पक्की का करत नाही? सातबाऱ्याचा उतारा मिळतो, मग ऊसाच्या नोंदीचा उतारा कारखान्याकडून का मिळू नये?

नोंद बरोबर असेल तर तोडणीचा क्रम आपोआप लागतो. जिथे तो कपाटात बंद राहतो, तिथे वशिला सुरू होतो. आधी कुणाचा फड तुटणार हे चिटबॉय, तोडणी टोळीचा मुकादम आणि शेतकी विभाग यांनाच ठाऊक. मग शेतकरी हातापाया पडतो, मुकादमाला खुशाली देतो, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री देतो. ऊसाला तुरा आला, वजन घटू लागले, की त्याची घासाघीस करण्याची ताकदच संपते. या सगळ्यावर उपाय म्हणून कोणतेही नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. आपल्या प्रणालीत जी यादी आधीच तयार आहे, ती दर आठवड्याला गावच्या सोसायटीच्या फलकावर लावायची आणि सभासदांच्या मोबाइलवर पाठवायची. क्रम बदलला तर कारणासह बदलायचा. एवढ्याने खुशालीचा निम्मा बाजार उठेल, असे माझे ठाम मत आहे.

मग काटा. भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन आणि दोहोंतला फरक. 2025-26 हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ठरवला होता. वीस टनांच्या खेपेत एक टक्का फरक पडला, तर दोन क्विंटल, म्हणजे 710 रुपये गेले. एकरी 40 टन ऊस असेल तर दोन खेपांत 1,420 रुपये. काटामारीची शंका महाराष्ट्रात जुनी आहे, आणि ज्या कारखान्याचा काटा चोख आहे त्यालाही ती चिकटते, कारण शहानिशा करण्याचे साधन सभासदाच्या हातात नसते. वजन पडताक्षणी तोच आकडा काट्याबाहेरच्या मोठ्या पडद्यावर, वाहनचालकाच्या पावतीवर आणि सभासदाच्या मोबाइलवर जाऊ द्या. बाहेरच्या धर्मकाट्यावर वजन करून आलेली गाडी अडवू नका, तिचे स्वागत करा. चोख काट्याला त्याहून स्वस्त जाहिरात मिळणार नाही.

या काट्यावर आणखी एक माणूस उभा आहे, त्याचा उल्लेख अहवालात क्वचितच असतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून आलेला तोडणी कामगार. त्याची मजुरीही टनावर ठरते. तो आकडा मुकादमाकडे जातो, कोयता चालवणाऱ्या जोडप्याकडे जात नाही. उचल किती फिटली, किती राहिली, हे त्यांना हंगामाच्या शेवटी कुणी तरी सांगतो. ज्या सर्व्हरमध्ये ट्रॉलीचे वजन आहे, त्याच सर्व्हरमधून त्या टोळीतल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत एक संदेश जाऊ शकतो. यंत्रणा तयार आहे, फक्त त्यांचे नंबर त्यात घालायचे आहेत.

शेवटी बिल. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. आपली प्रणाली प्रत्येक खेपेची तारीख जाणते. मग थकलेले दिवस आणि त्यावरचे व्याज बिलात आपोआप का छापले जात नाही? सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला एक दिवसाचे काम आहे. वजावटींचेही तसेच. तोडणी-वाहतूक किती, सोसायटीची वसुली किती, निधीच्या नावाखाली किती, प्रत्येक ओळ वाचता येईल अशा अक्षरात आणि मराठीत आली पाहिजे.

आता बारामतीच्या प्रयोगाबद्दल. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रकल्प सुरू केला, त्याचे कौतुक जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जगापुढे केले. उपग्रहाची छायाचित्रे, शेतातले हवामान केंद्र, मातीतले सेन्सर यांच्या आधारे पाणी आणि खत कधी, किती द्यायचे हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळते. त्याच वर्षी राज्य सरकारने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. हे काम मोलाचे आहे आणि ते माझ्या गावापर्यंत यावे, असे मला मनापासून वाटते. पण ही बुद्धिमत्ता आपल्याच नोंदींवर चालणार आहे. लागणीची तारीख महिनाभर चुकलेली असेल, खोडवा ‘लागण’ म्हणून चढलेला असेल, तर सल्लाही चुकेल आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने चुकेल. बैल दुबळे असताना नवा नांगर घेऊन रान नीट होत नाही. आधी नोंद खरी करा, मग तिच्यावर काय हवे ते उभारा.

हे सगळे ऐकून काही संचालक म्हणतील, एवढे उघडे केले तर कारभार कसा करायचा? रोज शंभर तक्रारी येतील. पहिल्या हंगामात येतील, हे खरे आहे. त्या याव्यातच. आज त्या पारावर, लग्नात, निवडणुकीच्या सभेत होतात आणि संस्थेच्या कानावर पोहोचत नाहीत. तारीख, वाहन नंबर आणि वजन यांच्यासह आलेली तक्रार पाच मिनिटांत निकाली निघते. ऊस घालायला आज सभासदापुढे खासगी कारखान्याचाही पर्याय आहे, दुधाला तर दारात टेम्पो येतो. त्यांच्याशी दराच्या स्पर्धेत आपण काही वर्षे हराल, काही वर्षे जिंकाल. विश्वासाच्या स्पर्धेत मात्र सहकाराला उपजतच आघाडी आहे, कारण इथे माल घालणारा आणि मालक एकच आहे. ती आघाडी आपण सर्व्हरच्या खोलीत कुलूपबंद करून ठेवली आहे.

तेव्हा येत्या सभेत पुढील ठराव मांडावेत, ही विनंती.

पहिला : वजन, प्रत आणि दर यांचा प्रत्येक आकडा संस्थेच्या खात्यात चढेल त्याच क्षणी सभासदाला मिळेल. स्मार्टफोन नसेल त्याला साधा एसएमएस, तोही नसेल त्याला छापील चिठ्ठी.

दुसरा : एकदा चढलेला आकडा दुरुस्त झाला, तर कुणी, कधी, का दुरुस्त केला याची पुसता न येणारी नोंद राहील. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय बंधनकारक झाली आहे आणि ती बंद करता येत नाही. सहकारी संस्थेने सभासदांसाठी तेवढे तरी स्वतःहून करावे.

तिसरा : ऊसनोंदीचा उतारा आणि तोडणीचा क्रम गावात जाहीर होईल.

चौथा : सॉफ्टवेअर कंपनीशी केलेल्या करारात माहितीची मालकी संस्थेची आणि सभासदाची आहे, असे स्पष्ट लिहिले जाईल. कंपनी बदलली तर सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. सभासदाचा आधार क्रमांक, बँक खाते, जमिनीचा तपशील कुणाकुणाच्या हाती जातो, हे त्याला विचारता आले पाहिजे. कॉसमॉस बँकेच्या प्रणालीवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ला होऊन 94 कोटी रुपये गेले. सुरक्षेचा खर्च हा फालतू खर्च नाही, हे पुण्यातल्या एवढ्या मोठ्या बँकेला मोजावी लागलेली किंमत आपल्याला शिकवते.

पाचवा : जी बाई धार काढते, दूध घालते, तिच्या नावाने खाते आणि तिच्या मोबाइलवर संदेश. घरातल्या पुरुषाचा नंबर टाकून ही माहिती पोहोचली, असे समजू नये.

सहावा : सेक्रेटरी, काटा क्लार्क, चिटबॉय आणि गटसचिव यांना नीट प्रशिक्षण. गावातला प्रत्येक आकडा यांच्या बोटांतून जातो. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून यंत्रे आली, एकसारखी प्रणाली आली. पण सोसायटीत त्या यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाला ते चालवण्याचा आत्मविश्वास द्यायचा, तर त्याला शिकवायला वेळ, पगार वेळेवर आणि चूक झाली तर ती कबूल करायची मोकळीक द्यावी लागते. त्याच्याऐवजी यंत्र आणले, असे त्याला वाटू लागले तर तो यंत्र बंद पाडायलाच बसेल.

यातला एकही ठराव अवाढव्य खर्चाचा नाही. बहुतेक गोष्टी आपल्याकडे आधीच असलेल्या यंत्रणेत बसतात. खर्च आहे तो आपल्या सवयीचा. आकडा आपल्याकडे ठेवायचा आणि विचारला तर सांगायचा, ही सवय. ती मोडायची, तर आधी संचालक मंडळाने मोडावी लागेल. सर्वांत आधी संचालकांच्या स्वतःच्या ऊसाचा तोडणीक्रम आणि वजन गावच्या फलकावर लावा. त्यानंतर कुणी प्रश्न विचारणार नाही.

सभासद बंधू-भगिनींनाही एक विनंती. सभेला जाताना या वर्षी भत्त्याची, साखरेच्या कोट्याची चौकशी जरूर करा, पण त्यासोबत माइकवर जाऊन एवढेच विचारा, की माझ्या ऊसाचे वजन मला त्याच मिनिटाला का कळत नाही? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

पुढच्या वर्षीच्या अहवालात डिजिटल परिवर्तनाच्या पानावर यंत्रांच्या किमती छापू नका. किती सभासदांना त्यांचा आकडा आपल्याआधी किंवा आपल्याबरोबर कळला, तेवढा एक आकडा छापा. ज्या संस्थेचा सभासद घरी बसून आपला सगळा हिशोब तपासू शकतो, तीच संस्था बदलली असे मी मानेन.

आपला,
एक ऊस व दूध उत्पादक सभासद